साखरपुड्याची अंगठी : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, कोल्हापूर

साखरपुड्याची तारीख ठरली, २० एप्रिल. हातात बरोबर पंधरा आठवडे आहेत. तिची अंगठी आमच्याकडून, माझी त्यांच्याकडून, असं दोन्ही घरांत बोलणं झालं. माझ्या अंगठीचा निकाल अर्ध्या तासात लागला: साधं सोन्याचं वेढं, खडा नाही, नक्षी नाही. तिची अंगठी एवढ्यात उरकणार नाही. तिची अट एकच आहे, पण पक्की आहे. "हिरा चालेल, पण ती मला रोज घालता आली पाहिजे. कपाटात ठेवायला अंगठी नको मला."

ती पशुवैद्यक आहे, कडेगाव तालुक्यात नोकरीला. दिवसभर हात गाईम्हशींच्या अंगावर. मी फौंड्रीत, म्हणजे धातूचे भाग ओतून घडवणाऱ्या कारखान्यात, काम करतो. आमच्याकडे नवं काम आलं की ड्रॉइंग उघडायच्या आधी विचारतात, हा भाग बसणार कुठं आणि त्याच्यावर भार कसला येणार. तोच प्रश्न इथंही पहिला ठेवायचं ठरवलंय. म्हणून ही वही.

१२ जानेवारी

सकाळी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफबाजारात गेलो, दोन पेढ्या पाहिल्या. मग शाहूपुरीतली एक मोठी शोरूम. सगळीकडे काचेखाली ट्रे सरकवतात आणि विचारतात, "यातली कुठली आवडली?" चाळीस अंगठ्या पाहून माझं डोकं भणभणलं, कारण मला कशाला काय म्हणतात तेच माहीत नव्हतं. आवडली की नाही, एवढंच सांगता येत होतं. का आवडली ते नाही.

शेवटी आमच्या घरच्या सराफकाकांकडे गेलो. त्यांच्याकडून आईचं मंगळसूत्र घडलं, ताईच्या पाटल्या घडल्या. त्यांनी ट्रे बाजूला ठेवला, एकच अंगठी चिमट्यात धरली आणि वरून खाली सांगत गेले. तसंच इथं उतरवून घेतो.

सगळ्यात वर मुख्य हिरा. त्याला धरणारा जो भाग, तो हेड. आपल्या भाषेत कोंदण. हेडला नखं असली तर त्यांना प्राँग म्हणायचं. चार असतात, सहा असतात. नखांऐवजी हिऱ्याभोवती सोन्याची अखंड भिंत असली तर ते बेझल. हेडच्या खाली, बोट आणि हिरा यांच्यामध्ये जी जाळीसारखी मोकळी जागा दिसते ती गॅलरी. बोटाभोवतीचं वळं म्हणजे शँक, आणि शँक वर चढत हेडला जिथं मिळतो ते दोन्ही बाजूंचे खांदे. खांदे कमानीसारखे वर उचललेले असतील तर ती कॅथेड्रल घडण. खांद्यांवर बारीक हिरे खेटून बसवले तर पाव्हे. दोन सोन्याच्या कडांमधल्या खाचेत ओळीनं बसवले तर चॅनल. मुख्य हिऱ्याभोवती बारक्या हिऱ्यांचं रिंगण असेल तर हेलो. एकटाच हिरा असेल तर सॉलिटेअर.

एवढं कळल्यावर त्याच ट्रेकडे परत पाहिलं, तर चाळीस अंगठ्यांच्या सहासात जाती उरल्या. बाकी सगळे त्यांचेच जोड होते: हेलो अधिक पाव्हे, कॅथेड्रल अधिक सॉलिटेअर. "डिझाइन निवडायचं" म्हणजे प्रत्येक भागाचा वेगळा निर्णय घ्यायचा, हे आज लक्षात आलं. खूप हायसं वाटलं.

१९ जानेवारी

व्हर्निअर (बारीक मापं मोजायचं साधन) घेऊन परत काकांकडे. त्यांनी मोजू दिलं, त्यांचे उपकार.

सहा नखांचा सॉलिटेअर: बोटाच्या कातडीपासून हिऱ्याच्या माथ्यापर्यंत ६.५ मिलिमीटर. हेलो ६.१. एक जुनी बेझलची अंगठी ४.२.

सहा नखांवर हिरा उंच उचलायची ही पद्धत टिफनीनं १८८६ साली बाजारात आणली. त्याआधी हिरे बहुतेक सोन्यात रुतवलेले असत. उंच उचलल्यानं हिरा सुटा, मोठा दिसतो. पण साडेसहा मिलिमीटर म्हणजे बोटावर जवळजवळ एका वाटाण्याएवढी उंची. केसांत, स्वेटरमध्ये, खिशाच्या शिवणीत अडकायला पुरेशी.

शोरूममधल्या विक्रेत्यानं परवा सांगितलं होतं, "बेझल घेऊ नका, त्यात हिरा मरतो. बाजूनं प्रकाशच जात नाही." हे खरं की खोटं, ते पुढच्या आठवड्यात बघायचं. खरं असेल तर बेझलचा विचार सोडून द्यावा लागेल.

२६ जानेवारी, कडेगाव

सुट्टी असूनही तिला सकाळी एका वस्तीवर जावं लागलं. मीही गेलो. म्हैस गाभण आहे का ते तपासायचं होतं. तिनं खांद्यापर्यंतचा पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि हात आत घातला. दोन मिनिटांत सांगितलं, तीन महिन्यांची. घरच्या मावशींनी लगेच साखर ठेवली हातावर.

मी बघत होतो तिचं बोट. त्या मोज्याच्या आत साडेसहा मिलिमीटर उंचीची चार नखं असती तर मोजा पहिल्याच ओढीला फाटला असता. आत जनावराला ओरखडा गेला असता तो वेगळाच.

परत येताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अजिबात सुचली नव्हती. दाव्याची. जनावरानं हिसका दिला आणि दोरीचा वेढा अंगठी घातलेल्या बोटावर बसला, तर अंगठी सुटत नाही. बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. "त्यामुळे कामाला हात लावताना मी अंगठी काढणारच. कितीही बसकी केलीस तरी काढणार."

रात्री वहीचं पहिलं पान खोडलं. मी सगळं लक्ष उंचीवर ठेवलं होतं. खरी गरज वेगळी निघाली: दिवसातून पाचसहा वेळा निघणारी आणि परत चढणारी अंगठी, जी खिशात पडली तरी कशाला अडकणार नाही, आणि शेणामातीचा हात धुऊन घातली तरी आत घाण धरणार नाही. उंची त्यातलाच एक भाग, पण एकच भाग.

२ फेब्रुवारी

बेझलमध्ये हिरा मरतो का, त्याचा अभ्यास. दोन संध्याकाळी गेल्या, पण चीज झालं.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात, टोकाला एक बारीक सपाट पैलू पाडला तर ५८. वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. टेबलापासून कमरेपर्यंतचा भाग क्राउन, कमरेला गर्डल म्हणतात, आणि कमरेखालचा निमुळता शंकू म्हणजे पॅव्हिलियन. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणून आत शिरलेला किरण पॅव्हिलियनच्या पैलूवर २४ अंशांहून थोडा जरी जास्त तिरका पडला तरी बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. एका बाजूनं समोरच्या बाजूवर, तिथून परत वर, टेबलातून आपल्या डोळ्यांत. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी हे गणितानं मांडलं आणि कोन काढले: पॅव्हिलियन ४०.७५ अंश, क्राउन ३४.५ अंश, टेबल व्यासाच्या ५३ टक्के. आजच्या चांगल्या गोल हिऱ्यांचे कोन याच्याच आसपास फिरतात.

याचा अर्थ सरळ आहे. चांगल्या कापाच्या हिऱ्यात प्रकाश वरून येतो आणि वरूनच परत जातो. कमरेभोवती सोन्याची भिंत आली तर बाजूचा थोडा उजेड कमी होईल, पण जो हिऱ्याचा खरा झगमगाट तो शाबूत राहतो. मरतो तो वाईट कापाचा हिरा, कारण त्याचा प्रकाश खालून गळून जातो. आणि तो नखांतही मेलेलाच असतो. मला वाटतं, विक्रेत्याला हे कुणी सांगितलंच नसावं. पण गिऱ्हाइकाच्या आयुष्यभराच्या वस्तूबद्दल इतक्या ठामपणे बोलायचं तर माहीत असायला हवं.

कुंदनशी मात्र याची गल्लत करायची नाही. कुंदनकामात खड्याच्या मागे चकाकता पत्रा असतो, आत लाख भरलेली असते आणि भोवती शुद्ध सोन्याचा वर्ख दाबत दाबत बसवतात. मागची बाजू बंद. त्या कामाचं सौंदर्य मला फार मोठं वाटतं, पण रोज धुवायच्या अंगठीला ते चालणार नाही. आम्हाला मागून उघडं कोंदण हवं.

आता उंचीचा हिशेब. गोल हिऱ्याची खोली व्यासाच्या साधारण ६१ टक्के. अर्ध्या कॅरेटचा हिरा ५.१ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे खोली ३.१. तीस सेंटचा, म्हणजे ०.३० कॅरेटचा हिरा ४.३ व्यासाचा, खोली २.६. खालचं टोक कातडीला टोचू नये म्हणून ०.४ ते ०.५ सोडायचे. म्हणजे तीस सेंटच्या हिऱ्याची अंगठी ३.१ मिलिमीटर उंचीत होऊ शकते, शोरूममधल्या सॉलिटेअरच्या निम्म्याहून कमी. हिरा मोठा घेतला की तो फक्त रुंद होत नाही, खोलही होतो, आणि अंगठी उचलली जाते. शिवाय बेझलची अर्धा मिलिमीटर भिंत दोन्ही बाजूंनी धरली तर ४.३ चा हिरा वरून ५.३ चा गोल दिसेल.

रात्री तिला फोनवर सगळं सांगितलं. "म्हणजे बारका हिरा घ्यायला तुला शास्त्र सापडलं तर," ती म्हणाली. मग म्हणाली, "तीस सेंटच घे. मला पटलं."

९ फेब्रुवारी

बोटाचं माप. हे काम सगळ्यात क्षुल्लक धरलं होतं, सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला.

आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे आतला परीघ मिलिमीटरमध्ये, वजा ४०. १२ नंबर म्हणजे ५२ मिलिमीटर परीघ, साडेसोळा व्यास. काकांकडून मापाच्या कड्यांचा जुडगा आठवडाभर मागून घेतला आणि तिला दिला. सकाळी थंडीत, दुपारी उन्हात, रात्री जेवणानंतर, तिनं तीन दिवस मापं घेतली. बोटाच्या बुडाशी ११ ते १२. पण मधल्या पेरावरून सुखानं उतरायला १४ लागतो. तिची पेरं जाड आहेत. दावी ओढून ओढून झाली असतील.

१२ केली तर पेरावर अडकणार, १४ केली तर बुडाशी गरगर फिरणार आणि हिरा तळहाताकडे वळणार. काकांनी मार्ग सांगितला: १३ ची करायची आणि शँकच्या आत, तळाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या दोन बारीक गोळ्या झाळायच्या. पेरावरून जाताना बोटाचं मांस दबतं म्हणून त्या आड येत नाहीत, बुडाशी पोचल्यावर मात्र अंगठीला धरून ठेवतात. आणि शँकची आतली बाजू सपाट न ठेवता किंचित फुगीर घडवायची, म्हणजे सरकायला सोपी.

ज्यांना पूर्ण गोलाईभर हिरे असलेली अंगठी आवडते त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवतो: तिचं माप नंतर वाढवता-कमी करता येत नाही म्हटलं तरी चालेल, कारण कापायला मोकळं सोनंच नसतं. ताईच्या मैत्रिणीची बाळंतपणानंतर तशीच पडून आहे.

२३ फेब्रुवारी

कोल्हापुरात एकाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. त्याच्याकडून रेझिनच्या तीन नकली अंगठ्या छापून घेतल्या, १३ नंबरच्या. पहिली चार नखांची, ६.५ उंच. दुसरी अर्ध्या बेझलची, म्हणजे दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजू उघड्या. तिसरी पूर्ण बेझलची, ३.१ उंच. तिनं प्रत्येक काही दिवस वापरून पाहिली.

तिचा अहवाल, तिच्याच शब्दांत:

"पहिली: मंगळवारी ॲप्रनच्या खिशात अडकली, बुधवारी केसांत, गुरुवारी मी काढून डब्यात टाकली. दुसरी: बरी, पण उघड्या बाजूच्या खाचेत कापसाचा धागा गेला आणि बसला. तिसरी: दोन वेळा विसरले की घातलीये. काढायला-घालायला तीन सेकंद. ही."

तिसरी ठरली. पाव्हे आणि हेलो यादीतून आधीच गेले होते. त्या बारीक हिऱ्यांना धरणारे सोन्याचे ठिपके इतके नाजूक असतात की रोजच्या घासण्यानं झिजतात, आणि एक हिरा पडला की ती जागा दातातल्या फटीसारखी दिसते. सणासुदीला घालायच्या अंगठीत हेलो सुंदरच दिसतो. आईला तोच हवा होता. तिला तिसरं रेझिन बोटात घालून दाखवलं, मग तिनं सोडून दिलं.

२ मार्च

हिरा घेतला. ०.३० कॅरेट, गोल, रंग एफ, शुद्धता व्हीएस१, काप एक्सलंट. प्रयोगशाळेत वाढवलेला, सीव्हीडी पद्धतीचा (वायूतून थरावर थर चढवून), आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालासह. दहापट भिंगातून गर्डलवर अहवालाचा क्रमांक लेझरनं कोरलेला दिसला. अहवालाशी एकेक आकडा जुळवून पाहिला.

खाणीतला की प्रयोगशाळेतला, यावर आम्ही दोघं आठवडाभर बोललो. दोन्ही कार्बनच, दोन्हींची कठिणता मोह्सच्या मापावर १०, म्हणजे सगळ्यात वरची. दुकानातल्या साध्या हिरा-तपासणी पेननं दोघांतला फरक कळत नाही, कारण ते पेन उष्णता किती वाहते एवढंच बघतं. प्रयोगशाळेतला हिरा परत विकायला गेलं तर फार काही हातात येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला तो विकायचा नाही.

आजीनं विचारलं, "खरा हाय न्हवं?" मी म्हटलं, "खराच आहे आजी, फक्त जमिनीतून नाही काढला, यंत्रात वाढवला." तिनं खिडकीपाशी धरून बघितला. "मग कलमी आंब्यागत हाय की. आंबाच त्यो."

वजन, रंग, शुद्धता आणि काप या हिऱ्याच्या चार गुणांपैकी पैसे कापावर घालायचे, हे २ फेब्रुवारीच्या अभ्यासावरून ठरलं होतं. पिवळ्या सोन्यात बसणार म्हणून डी या सगळ्यात वरच्या रंगाचा हट्ट धरला नाही; सोन्याची झाक पडल्यावर डी आणि एफ मला तरी वेगळे ओळखता आले नाहीत.

९ मार्च

सोनं. आजीनं स्वतःहून तिचं वेढं काढून दिलं, लग्नातलं. जाड तारेचं, साधं, झिजून एका बाजूला पातळ झालेलं. मला ते वितळवायचं जिवावर आलं होतं. म्हटलं, राहू दे, नवं सोनं घेऊ. ती म्हणाली, "पेटीत ठेवून त्याला काय पिल्ली हुणार हायत? घाल मुशीत."

आजीचं माहेर विट्याजवळचं. त्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, देशभर पसरलेली. तिचा थोरला भाऊ हयातभर दक्षिणेत गलाईची भट्टी चालवत होता. सोनं मोडणं आणि गाळणं तिला आपल्यासारखं परकं नाही.

गलाईवाल्यांकडे आम्ही दोघंही गेलो. आजी बाकावर बसली आणि मुशीवरून नजर हलवली नाही. सोहागीची (टाकणखाराची) चिमूट पडली, वेढं आधी लालभडक झालं, मग कडांनी ढळलं आणि एकदम गोळा होऊन थरथरायला लागलं. ओतताना तिनं हात जोडले. मी काही बोललो नाही.

वितळून वजन ४.५६ ग्रॅम, मशीनवर कस ८९.५ टक्के. शुद्ध सोनं ४.०८ ग्रॅम. अंगठी १८ कॅरेटची करायची, म्हणजे ७५ टक्के, त्यात ०.८८ ग्रॅम चांदी-तांबं मिसळून ५.४४ ग्रॅम होईल. २२ कॅरेटमध्ये का नाही? पाटल्या-बांगड्यांना २२ उत्तम, पण ते मऊ असतं. हिरा धरायची भिंत बसली पाहिजे एवढी लवचीक आणि नंतर हलणार नाही एवढी घट्ट हवी, त्याला १८ बरं. पांढऱ्या सोन्याचा विचार केला नाही: त्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो झिजला की परत चढवावा लागतो, आणि दिवसातून दहादा हात धुणाऱ्या माणसाच्या बोटावर तो लवकर झिजणार.

१६ मार्च

संगणकावरचं ड्रॉइंग पक्कं. शँक २.२ मिलिमीटर रुंद, १.७ जाड, यात घासकाम आणि पॉलिशला जाणारा दीड दशांश धरलाय. सुरुवातीला ड्रॉइंगवाल्यानं १.३ जाडी दिली होती, "वजन कमी, बिल कमी" म्हणून. रोजच्या वापरात ती काही वर्षांत वाकली असती. कोंदणाच्या खाली चार मोठ्या खिडक्या ठेवल्या, टूथब्रशचे केस आत शिरतील एवढ्या. हिऱ्यावर तेलकटपणा पटकन चिकटतो, साबणाचा थर बसतो, आणि मागचे पैलू मळले की हिरा निस्तेज होतो. खिडक्या त्यासाठी.

२४ मार्च

ओतलेली अंगठी परत पाठवली.

काकांनी ओतकामासाठी बाहेर दिली होती. घासायला घेतल्यावर कोंदण आणि खांद्याच्या सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी चार छिद्रं निघाली. भिंगाखाली पाहिलं आणि ओळखलं, कारण हा दोष माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आक्रसण. ओतलेला धातू थिजताना आकसतो. जिथं जाड तिथं शेवटी थिजतो, आणि तिथं नवा धातू पोचला नाही तर आत पोकळी राहते. त्यांनी ओतायची दांडी, म्हणजे धातू आत जायची वाट, शँकच्या तळाला, म्हणजे सगळ्यात पातळ जागी जोडली होती. पातळ भाग आधी थिजला, वाट बंद झाली, जाड कोंदण उपाशी राहिलं.

छिद्रं लेझरनं भरून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. हिरा धरायच्या भिंतीच्या बुडाशी पोकळी असेल तर वरून भरून काय उपयोग? दांडी कोंदणाच्या बाजूला, जाड भागाला जोडा आणि पुन्हा ओता, अशी विनंती केली. सोनं तेच वापरायचं, आजीचंच. थोडं शुद्ध सोनं वरून घालावं लागलं. काका माझ्या बाजूनं उभे राहिले. पण पाडवा ३० तारखेला, सगळ्या कारागिरांकडे रांग. आठवडा गेला.

६ एप्रिल

दुसरी ओत निर्मळ निघाली. आज जडाई, म्हणजे हिरा कोंदणात बसवायचं काम. कारागीर दादा मूळचे बंगालचे, वीस वर्षं इथं आहेत. त्यांनी बसून बघू दिलं.

लाकडी दांडीच्या टोकाची लाख दिव्यावर मऊ केली, अंगठी त्यात रोवली, गार होऊ दिली. मग कोंदणाच्या आतल्या भिंतीला बरनं, म्हणजे फिरत्या बारीक पात्यानं खाच पाडली, हिऱ्याच्या कमरेची बैठक. तीनदा हिरा ठेवून बघितला, तीनदा काढला. चौथ्यांदा ठेवला तेव्हा तो जागेवर गेल्याचा अगदी बारीक आवाज आला. दादांनी मान हलवली.

भिंत एका बाजूनं सलग दाबत गेलं तर हिरा तिरका होतो. म्हणून आधी वर, मग बरोबर समोर खाली. मग डावीकडे, मग उजवीकडे. चार ठिकाणी धरला गेल्यावर मधल्या जागा. प्रत्येक दाबाला दादा श्वास धरत होते, आणि नकळत मीही. शेवटी गुळगुळीत पोलादी टोकानं कड घोटत नेली. सोनं हिऱ्यावर वितळून पसरल्यासारखं दिसायला लागलं, सांधा कुठं ते कळेना. चाळीस मिनिटं लागली. मला हे काम आयुष्यभर लक्षात राहील.

१३ एप्रिल

हॉलमार्क होऊन आली. शँकच्या आत बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, १८के७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकून पाहिला, जुळला. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून हॉलमार्कचा दागिना घेताना हा क्रमांक असलाच पाहिजे.

एकूण वजन ३.४६ ग्रॅम. हिरा ०.३० कॅरेट, म्हणजे ०.०६ ग्रॅम. निव्वळ सोनं ३.४०. काकांनी हे तिन्ही आकडे वेगळे लिहिले, घडणावळ वेगळी, कर वेगळा, उरलेल्या सोन्याचा तुकडा वजन करून परत. जानेवारीत एका दुकानात खड्यासकट सगळं वजन सोन्याच्या भावानं लावलेलं बिल मी डोळ्यांनी पाहिलंय. इथं सहा शतांशच आहेत, पण मोठ्या खड्यांच्या दागिन्यात हीच चूक हजारोंची होते. बिल घेताना निव्वळ वजन वाचायचंच.

उंची मोजली: ३.२. ड्रॉइंगपेक्षा एक दशांश जास्त. चालेल.

२० एप्रिल

पेरावरून एका दमात गेली. गोळ्यांनी धरलं. आजी पहिल्या रांगेत होती. नंतर तिनं अंगठी मागून घेतली आणि आतल्या बाजूवरून बराच वेळ बोट फिरवलं.

४ मे

दोन आठवड्यांनी पहिली तपासणी. भिंगाखाली कोंदणाची कड पूर्ण, कुठंही उचललेली नाही. हिरा बोटानं दाबून, हलवून पाहिला, हलत नाही. शँकवर बारीक चरे आलेत, ते येणारच.

कामाच्या वेळी अंगठी कुठं ठेवायची, हे तिचं तिनंच सोडवलं: फिरकीच्या झाकणाची छोटी स्टीलची डबी, गाडीच्या किल्लीला अडकवलेली. किल्ली विसरून ती घरी येऊ शकत नाही.

मागच्या खिडक्यांत काहीतरी पिवळं साचलं होतं. मला शेणाचा संशय होता. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं भिजवली, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं खिडकीतून घासली. हळद होती. मग आठवलं, शुक्रवारी तिनं आमच्याकडे पिठलं केलं होतं, अंगठी न काढता.